गाडीला पेट्रोलचा वास येतोय, चेक लाइट लागत नाही, लीकेज शोधायचं कसं? (इंदूर)

लोकमान्यनगरकर
मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीये. २०१८ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, ६१ हजार किलोमीटर झालेत. गेले चारपाच महिने सकाळी पोर्चचं फाटक उघडलं की पेट्रोलचा भपकारा येतो, गाडीखाली मात्र एक थेंब नाही, पुठ्ठा अंथरून बघितला तोही कोरडा. आणि दुसरा त्रास म्हणजे पंपावर पेट्रोल भरलं की लगेच चालू होत नाही, तीनचारदा सेल मारावा लागतो, मागचे लोक हॉर्न वाजवतात, मग एकदाची घरघरत उठते आणि पुढे काही प्रॉब्लेम नाही.

एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला दाखवली. त्यांनी स्कॅनर लावला, म्हणाले गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये बिघाडाचा कोडच नाही तर काय करणार, पेट्रोलचं झाकण बदलून ७८० रुपये घेतले. वास तसाच. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले टाकीतला पेट्रोल पंपच बदला. अहो पंप मागच्या दिवाळीतच बदललाय! आता बायको म्हणते ती या गाडीतून देवासलासुद्धा येणार नाही. या उन्हात भीती पण वाटते. कुणी शोधलंय का असलं लीकेज?

जलेबीभिया
पेट्रोलच्या गाडीला पेट्रोलचाच वास येणार ना भिया, केवड्याचा थोडी येईल.

लोकमान्यनगरकर
हसा हसा. रात्री पोर्चमध्ये झोपून दाखवा मग बोलू.

पीथमपूर_निवृत्त
साहेब, हे दोन वेगवेगळे रोग असू शकतात, एकाच गोळीने जातील असं धरून चालू नका. आधी थोडं समजून घ्या म्हणजे कुणी उगाच पार्ट विकणार नाही.

टाकीत पेट्रोलची वाफ सतत तयार होते, उन्हाळ्यात जास्तच. ती हवेत जाऊ नये म्हणून एका नळीतून कोळशाच्या डब्यात जाते, त्याला कॅनिस्टर म्हणतात. आत अॅक्टिव्हेटेड कार्बनचे दाणे असतात, एक ग्रॅम दाण्यांच्या छिद्रांचं क्षेत्रफळ मोजलं तर हजार चौरस मीटरच्या आसपास भरतं, त्यामुळे वाफ धरून ठेवतात. इंजिन गरम झालं की बॉनेटखालचा पर्ज वाल्व उघडतो, इंजिन स्वतःच्या ओढीने ती वाफ खेचून जाळून टाकतं आणि कॅनिस्टरच्या तिसऱ्या तोंडातून ताजी हवा आत येते. बस एवढंच आहे. यात टाकीचं झाकण, भरायची नळी, टाकीवरच्या पंपाची सील, वाफेच्या नळ्या, कॅनिस्टर, पर्ज वाल्व, कुठेही फट पडली तर वास बाहेर. थेंब पडणार नाही कारण बाहेर पडतेय ती वाफ.

आता तीन प्रश्न. खरं उत्तर द्या.
वास नेमका कुठे जास्त, बॉनेटपाशी, मागच्या चाकापाशी की मागच्या सीटवर?
पेट्रोल भरताना नोझल आपोआप कट झाल्यावर अजून टाकायला लावता का?
दिवाळीत पंप बदलला तो वास सुरू व्हायच्या आधी की नंतर?

लोकमान्यनगरकर
काका, दुसऱ्या प्रश्नाला मान खाली घालून उत्तर देतो. हो. राऊंड फिगर करायची सवय आहे, कट झाल्यावर गाडी हलवून हलवून अजून शंभरदीडशेचं टाकायला लावतो. वडिलांची सवय माझ्यात आलीये, ते स्कूटरच्या टाकीत बोट घालून बघायचे.
वास मागे जास्त. सीटवर की चाकापाशी ते सांगता येत नाही, आता नाकच काम करेनासं झालंय. आणि पंप आधी बदलला, वास त्यानंतर दोनतीन महिन्यांनी लक्षात आला, पण थंडीत खिडक्या बंद असतात म्हणून उशिरा कळलं असेल.

पीथमपूर_निवृत्त
वाटलंच. कट झाल्यावर टाकीत वर जी जागा उरते ती वाफेसाठी ठेवलेली असते. तुम्ही तिथे पेट्रोल भरलंत की ते सरळ नळीतून कॅनिस्टरमध्ये उतरतं. कोळसा वाफ धरतो, पेट्रोल नाही. भिजला की मेला, दाणे भुगा होऊन सुटतात आणि पर्ज वाल्वमध्ये जाऊन अडकतात, मग वाल्व बंदच होत नाही. भरल्यावर चालू न होण्याचं पहिलं संशयित तेच. टाकी भरताना ढकललेली वाफ उघड्या वाल्वातून इंजिनात जाते आणि पेट्रोल जास्त झाल्यामुळे इंजिन पेट घेत नाही. पुढच्या वेळी सेल मारताना अॅक्सिलरेटर अर्धा दाबून बघा, लवकर उठली तर तेच समजा.

इंदूर_टू_जर्सी
रामबागचा आहे, सध्या न्यूजर्सीत. इकडे माझ्या गाडीला हाच रोग झाला तर लगेच लाइट लागली, कोड पी ०४४२. मग तुमच्याकडे लाइट का नाही लागत?

पीथमपूर_निवृत्त
कारण तुमच्या गाडीत टाकीला प्रेशर सेन्सर आहे आणि कॅनिस्टरच्या हवेच्या तोंडाला बंद होणारा वेंट वाल्व आहे. तिकडचा नियमच तसा आहे, १९९६ पासून गाडीने स्वतः तपासायचं, आधी साधारण १ मिलिमीटरचं छिद्र सापडलं पाहिजे होतं, २००० च्या मॉडेलपासून अर्ध्या मिलिमीटरवर आलं. पी ०४४२ म्हणजे छोटी गळती, पी ०४५६ म्हणजे त्याहून बारीक, पी ०४५५ म्हणजे मोठी, बऱ्याचदा झाकणच नीट लागलेलं नसतं. गाडी दोन्ही वाल्व बंद करून टाकी सीलबंद करते आणि प्रेशर टिकतं का बघते.

आपल्या बहुतेक गाड्यांत हे नाही. आपल्याकडे वाफेची परीक्षा कंपनी नवीन मॉडेल पास करताना बंद खोलीत गाडी ठेवून देते, मर्यादा टेस्टमागे २ ग्रॅम. नंतर रस्त्यावर गाडीचा कॉम्प्युटर पर्ज वाल्वची वायर तुटली का एवढंच बघतो. नळीला उंदराने भोक पाडलं तरी त्याला पत्ता नाही. म्हणून स्कॅनरवाला कोड नाही म्हणाला तो खोटं बोलला नाही, फक्त पुढे शोधायचे कष्ट घेतले नाहीत.

इंदूर_टू_जर्सी
मग टाकी फुल केली की माझी लाइट चारपाच दिवस गप्प बसते, तेही या टेस्टमुळेच का?

पीथमपूर_निवृत्त
हो, टाकी फार भरलेली किंवा फार रिकामी असली तर ती टेस्ट सुरूच होत नाही.

लष्करवाला
ग्वाल्हेरहून हजेरी. हे सगळं ई२० (२० टक्के इथेनॉलवाल्या) पेट्रोलमुळे होतंय हे कुणी का बोलत नाही?

पीथमपूर_निवृत्त
थोडं खरं, थोडं व्हॉट्सअॅप. इथेनॉल मिसळलं की वाफेचा दाब थोडा वाढतो, तोही १० टक्क्यांच्या आसपास सगळ्यात जास्त, २० ला उलट किंचित कमी. जुन्या रबरी नळ्यांमधून इथेनॉल झिरपतं हेही खरं. पण त्याने पंपावर सेल मारावा लागत नाही साहेब. आधी वाल्व बघू द्या.

लोकमान्यनगरकर, सकाळी इंजिन थंड असताना करा. बॉनेट उघडा, इनटेककडे म्हणजे इंजिनात हवा जायच्या वाटेकडे बोटाएवढी नळी जाते तिच्यावर दोन वायरींचा छोटा वाल्व असतो, तोच. त्याची कॅनिस्टरकडून येणारी नळी काढा, वायरीचा सॉकेटही काढा, गाडी चालू करा आणि उघड्या तोंडावर बोट ठेवा. ओढ लागता कामा नये. वाल्वला करंट नाही म्हणजे तो बंदच असला पाहिजे. ओढ लागली तर वाल्व गेला. मीटर असेल तर वाल्वच्या आतल्या कॉइलचा रेझिस्टन्स पण मोजा, बहुतेक गाड्यांत २० ते ३० ओहम येतं. कॉइल ठीक आली म्हणून वाल्व ठीक असं मात्र समजू नका, अडकलेल्या वाल्वची कॉइल पण ठीकच असते.

लोकमान्यनगरकर
काका, साष्टांग नमस्कार. बोट ठेवलं तर चिकटून बसलं! चक्क ओढून घेतलं. इंजिनचा आवाज पण बदलला. कॉइल २६ ओहम. वाल्व काढून पांढऱ्या कागदावर आपटला तर काळ्या मोहरीसारखे दाणे पडले, सातआठ तर असतील. बायको म्हणाली उंदराच्या लेंड्या आहेत, मी म्हणलं नाही गं, शंभरदीडशेच्या पेट्रोलची करणी आहे.

पीथमपूर_निवृत्त
मोहरी नाही, कोळसा. आता नुसता वाल्व बदलू नका, नवीन पण महिनाभरात अडकेल. कॅनिस्टर बदला आणि मधली नळी दोन्ही टोकांनी सोडून हवा मारून साफ करा. टाकीकडे किंवा इंजिनकडे जोडलेली असताना कंप्रेसरची हवा अजिबात मारायची नाही.

वडोदरेकरीण
मधेच घुसते, माफ करा. आमच्या गाडीचं उलटं होतं, पेट्रोल भरताना नोझल सारखं कट व्हायचं आणि झाकण उघडलं की आत हवा ओढल्याचा आवाज यायचा, सूंऽऽ असा. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी कॅनिस्टरचं हवेचं तोंड बघितलं, त्यात कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं! एवढंसं घर, त्यासाठी तीन वेळा गॅरेजला गेलो आम्ही.

जलेबीभिया
माशीला पण वडोदऱ्यात फ्लॅट परवडेना म्हणून.

पीथमपूर_निवृत्त
ताई, तुमचे मिस्त्री गुणी. झाकण उघडताना उन्हात थोडं बाहेर फुस्स होणं चालतं, जोरात आत ओढणं म्हणजे हवेचं तोंड तुंबलं किंवा पर्ज वाल्व उघडा राहिला. ते चालू ठेवलं तर टाकी चेपते.

लोकमान्यनगरकर
अपडेट. वाल्व आणि कॅनिस्टर दोन्ही बदलले. जुना कॅनिस्टर मागच्या चाकाजवळ होता, हातात घेतला तर नवीनपेक्षा चांगलाच जड, हलवला की आत खुळखुळ. काल पंपावर एका सेलला चालू झाली, नोझल कट झाल्यावर पोरगा म्हणाला राऊंड करूं क्या भैया, मी म्हणलं हाथ भी मत लगाना.

पण. सकाळी फाटक उघडलं आणि वास आहेच. थोडा कमी, पण आहे. आता काय?

पीथमपूर_निवृत्त
दोन रोग म्हणलं होतं ना. आता प्रेशर टेस्ट.

टायरट्यूब_इंदूर
भिया यूट्यूबवर बघा, डब्यात बेबी ऑइल टाकायचं, आत ग्लो प्लग लावायचा बॅटरीवर, कंप्रेसरची हवा द्यायची, धूर निघतो तो टाकीत सोडायचा, जिथून धूर बाहेर तिथे लीक. दोनशे रुपयात काम.

पीथमपूर_निवृत्त
नको!! इंजिनच्या इनटेकला एकवेळ करा, टाकीला नाही. तापलेली तार, ताजी हवा आणि पेट्रोलची वाफ हे तिघे एका नळीत आणायचे नाहीत. वर्कशॉपची स्मोक मशीन असते ती १ पीएसआयच्या (टायरची हवा मोजतात तेच माप) आतबाहेरच चालते आणि टाकीसाठी हवेऐवजी नायट्रोजन वापरतात, ते यासाठीच. आणि कंप्रेसरच्या १०० पीएसआयने टाकी फुगेल, सील उडतील, मग एका गळतीच्या जागी अनेक शोधाव्या लागतील.

घरी करायचं तर धुराशिवाय करा. गवंडी लेव्हल बघायला पाणी भरून वापरतात ती पारदर्शक नळी घ्या, फळीवर यू आकारात बांधा, निम्मं पाणी भरा. मत्स्यालयाच्या दुकानात टी म्हणजे तीन तोंडांचा जोड मिळतो, त्याच्या एका तोंडाला ही नळी, दुसऱ्याला सायकलचा हातपंप, तिसरं कॅनिस्टरहून पर्ज वाल्वकडे येणाऱ्या नळीत. हळू पंप मारा, दोन बाजूंच्या पाण्यात २५ सेंटिमीटरचा फरक आला की थांबा आणि पंपाची नळी दुमडून चिमटा लावा. हे अर्ध्या पीएसआयहूनही कमी आहे. यापेक्षा जास्त कशाला लागत नाही. उघड्यावर करा, जवळ विडी काडी देवघरातली समई काही नको, टाकी पाव ते अर्धी असू द्या.

लोकमान्यनगरकर
योगायोग बघा, आमच्याकडे वरच्या मजल्याचं काम चालू आहे आणि गवंडीकाकांची नळी जिन्यातच पडलीये. पाणी दिसेना म्हणून चिमूटभर गुलाल टाकला, रंगपंचमीचा उरलेला होता.

लोकमान्यनगरकर
काका केलं पण पाणी हललंच नाही. पंप मारून मारून दंड भरले. म्हणजे टाकीला खिंडारच आहे का??

पीथमपूर_निवृत्त
कॅनिस्टरचं हवेचं तोंड बंद केलंत का?

लोकमान्यनगरकर
…नाही.

जलेबीभिया
😂😂 फुगा फुगवून राहिले, गाठ मारायची विसरले.

पीथमपूर_निवृत्त
हसू नका, भले भले मेकॅनिक इथे फसतात. ते तोंड आपल्या गाड्यांत कायम उघडं असतं. रबरी बूच लावा, आणि टेस्ट झाली की काढायला विसरू नका, नाहीतर वडोदऱ्याच्या माशीचं काम तुम्हीच कराल. आणि पहाटे करा, उन्हात नाही. बाहेरच्या हवेचा दाब म्हणजे सुमारे १० मीटर पाणी. टाकीतली हवा १ अंशाने तापली तर त्याचा साधारण तीनशेवा हिस्सा वाढतो, म्हणजे ३ सेंटिमीटरच्या वर, शिवाय पेट्रोलची वाफ वाढते ती वेगळी. ऊन आलं की पाणी आपोआप चढेल आणि तुम्हाला वाटेल लीकेज बरं झालं.

लोकमान्यनगरकर
आज पहाटे साडेपाचला उठून केलं, दूधवाला थांबून बघत होता. बूच लावल्यावर चौथ्या पंपातच २५ सेंटिमीटर! आणि मग डोळ्यादेखत गुलाबी पाणी उतरायला लागलं. दोन मिनिटांत ९ वर. मुलीने मोबाईलवर टाइमर लावला होता, तिला हे फारच आवडलं, शाळेत नेऊन दाखवायचं म्हणते.

पीथमपूर_निवृत्त
शाबास. आता तोडत चला. टाकीकडून कॅनिस्टरला येणारी नळी काढून कॅनिस्टरच्या त्या तोंडाला बूच मारा आणि परत २५ करा. पाणी टिकलं तर पुढची नळी आणि कॅनिस्टर निर्दोष, चोर टाकीकडे. उतरलं तर चोर अलीकडे. मग साबणाचं पाणी, पण फक्त संशयाच्या ठिकाणी, अख्खी गाडी धुवायची नाही.

लोकमान्यनगरकर
सापडला!!!

बूच मारल्यावर पाणी पाच मिनिटं जागेवर, म्हणजे टाकीकडे. झाकणावर साबण लावला, काही नाही (७८० रुपये पाण्यात). भरायच्या नळीची क्लिप, काही नाही. मग बॅटरीची वायर काढून मागची सीट उचलली, पंपाचं गोल पत्र्याचं झाकण उघडलं आणि तिथेच वास नाकात गेला. ब्रशने साबणाचा फेस रिंगभोवती लावला, आधी काहीच दिसेना, मग ड्रायव्हरच्या बाजूला एका जागी बारीक बारीक बुडबुडे, साबुदाणा उकळताना येतात तसे, एकामागून एक, थांबतच नव्हते. बघत बसलो नुसता. चार महिने ज्याच्यासाठी भांडलो ते एवढंसं.

ओळखीच्या मिस्त्रीला घरीच बोलावलं, त्याने लॉक रिंग सोडवली तर खालची ओ-रिंग म्हणजे रबरी सील एका जागी खोबणीतून बाहेर येऊन चेपलेली. म्हणाला, ये पुरानी रिंग है भिया, पंप के साथ नई डालनी थी, फूल गई तो बैठती नहीं. म्हणजे दिवाळीत पंप नवीन आणि रिंग जुनीच. बिलात मात्र रिंगचे पैसे लावलेत, आत्ता बिल काढून बघितलं.

लष्करवाला
बिल घेऊन जा आणि टेबलावर ती रिंग ठेवा.

लोकमान्यनगरकर
जाणार आहेच. रिंग प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलीये, स्वयंपाकघरात ठेवू देत नाहीत म्हणून गॅलरीत.

पीथमपूर_निवृत्त
पेट्रोलमध्ये राहिलेलं रबर फुगतं, एकदा उघडलं की परत त्याच मापात बसत नाही, म्हणून पंप काढला की रिंग नवीनच टाकायची. नवीन बसवल्यावर टेस्ट परत केली का? आणि बूच काढलं का?

लोकमान्यनगरकर
केली. २५ वरून पाच मिनिटांत २४. बूच काढलं, मुलीने दोनदा आठवण केली. आज तिसरी सकाळ, फाटक उघडलं तर फक्त मोगऱ्याचा वास. रविवारी बायकोला देवासच्या टेकडीवर नेतोय, ती स्वतःहून बसली गाडीत.

टायरट्यूब_इंदूर
भिया ती फळी आणि नळी दोन दिवसासाठी द्या ना, माझ्या गाडीला पण असाच वास आहे. मी अन्नपूर्णाकडे राहतो, येऊन घेऊन जाईन.

लोकमान्यनगरकर
फळी न्या, नळी नाही. गवंडीकाकांनी आज सकाळीच परत घेतली, वरच्या खिडकीची लेव्हल अडली होती. पाणी गुलाबी का म्हणून विचारत होते, मी म्हणलं पोरांनी रंग टाकला.